मुळांतली निळी झाडं

४ मार्च
आले एकदाची! मनासारखी नोकरी, राहायला रोपवाटिकेच्या मागची खोली, आणि खिडकीतून थेट काचघर दिसतं. आणखी काय हवं? काम एकच, रोपांच्या मुळांत बुरशी कितपत शिरलीय ते मोजायचं. ही बुरशी वाईट नव्हे. झाडाला मातीतलं पाणी, खत आणून देते आणि बदल्यात साखर खाते. मुळं धुवायची, कॉस्टिक पोटॅशच्या जहाल पाण्यात उकळून पारदर्शक करायची, शाई आणि व्हिनेगरमध्ये रंगवायची, मग रेघा आखलेल्या बशीत पसरून मायक्रोस्कोपखाली बघायची. मूळ जिथे रेघ ओलांडतं तिथे बुरशी आहे की नाही एवढं टिपलं की झाली टक्केवारी. पेशीच्या आत इवलंसं निळं झाड दिसतं, अगदी फांद्याबिंद्यांसकट! फोनवर ताई म्हणाली, लहानपणापासून मातीतच लोळत होतीस, आता पगार घेऊन लोळ.

मालकांना इथे सर म्हणतात. बोलणं साखरेत घोळलेलं.

९ मार्च
सरांनी नवी बुरशी तयार केलीय. बाकीच्या वाफ्यांत चाळीसेक टक्के, म्हणजे ठीकच. ती घातलेल्या शेवटच्या वाफ्यात मात्र शंभर. असं होत नाही. टोकाचं कोवळं मूळ तरी रिकामं सापडतंच. मला वाटलं, सर नव्या पोरीला बनवताहेत. तडक जाऊन विचारलं, तर म्हणाले, स्वतः उपटून बघ. हातमोजे मागितले, तर म्हणाले, मातीला घाबरणाऱ्यांनी या धंद्यात येऊ नये. डोकं असं सणकलं! तशीच गेले आणि उघड्या हातांनी निम्मा वाफा उपसला.

शंभरच.

१४ मार्च
नखांखाली पांढरं काहीतरी. घासून घासून बोटं सोलली, जात नाही. डॉक्टरांनी नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, नखांना होतं असं, मलम लावा. मलम! घरी येऊन चिमट्यानं ओढलं, तर धागा निघाला. वीतभर. दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

हल्ली मुठी भरभरून साखर खाते, तरी अंग सुकतंय. कोण खातंय ते मला कळतंय.

१६ मार्च
बोटाची सुटलेली साल रंगवली. पोटॅश, शाई, बशी. निळी झाडं. माझ्या पेशींत. प्रत्येक रेघेवर.

बशी सरांच्या टेबलावर आपटली, तोंडाला येईल ते बोलले मी. आणि या माणसानं काय विचारावं? किती टक्के भरलं, म्हणे! माहीत होतं त्याला. म्हणूनच तो स्वतः त्या वाफ्याला कधी बोट लावत नाही. वर मला समजावतो, घाबरू नकोस, ती घेते तसं देतेही. मेल्या, मी काय झाड आहे?

१८ मार्च
बॅग भरली. फाटकापर्यंत गेले आणि घशाला अशी कोरड पडली की गुडघ्यांवर आले. काचघरात परतले, ओल्या मातीत पाय टाकले — बरं वाटलं. बरं वाटलं याचाच संताप येतोय.

२० मार्च
सर माझ्या खोलीच्या दाराबाहेर उभे. गोड आवाजात म्हणतात, सालीचा एक तुकडा दे फक्त, मोजायला, टाचेचा चालेल. शिव्या घातल्या. हलत नाहीत.

ताईचा फोन. उद्या येते म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. का, सांगायला गेले तर जीभ — जड. आरशात बघितली. पांढरी.

२१ मार्च, सकाळ
राग ओसरतोय. तोही खातेय ती. नाही. एवढाच माझा उरलाय, तो नाही देणार. सर हलकट. सर हलकट. लिहीत राहायचं.

पोटॅशचा कॅन उचललाय. कातडं सोलून काढतं हे. सगळा त्या वाफ्यावर —

दुपार
अर्धा ओतला. जळतोय वाफा आणि ओरडतेय मी. पायांतून आग. जळू दे! कॅन ओढत, सरपटत खोलीत आले —

फाटक वाजलं. ताई. सर तिला काचघरात नेताहेत, हसत. स्वतः हातमोजे घालून तिच्या उघड्या हातात रोप ठेवताहेत. त्याच वाफ्यातलं, उरलेलं. मुळं ओली, लोंबणारी —

ताई, घेऊ नकोस. खिडकीची काच बडवतेय मी. ओरडून ओरडून घसा बसला, आवाज फुटत नाही. तिला वाटतंय मी हात हलवतेय. तीही हलवतेय. रोप छातीशी धरून —

कॅनमध्ये अर्धा आहे अजून. चालता येतंय. आता वाफ्यावर नाही. आता त्या माणसाच्या तों