काळे तळवे

बाबा, मी कॉव्हेंट्रीतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसले आहे, समोर आईची काशाची वाटी आहे, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसलं कौतुक करायला मी बसलेली नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा भांडण एकतर्फीच होणार. पण तुम्ही होतात तेव्हाही ते तसंच व्हायचं. गेले काही दिवस मला एका जागी बसवत नाही. कपडे इस्त्रीला काढते आणि तसेच ठेवते, चहा ओतते आणि प्यायला विसरते. मुलगी म्हणाली, "आई, यू आर ऑल ओव्हर द प्लेस. झालंय काय तुला?" तिला सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

मी नर्स आहे त्या वॉर्डात एक म्हातारा जर्मन आला आहे. लढाईत इटलीत जखमी होऊन इंग्रजांच्या हाती लागला, कैदी म्हणून इकडे आला, सुटल्यावर इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला आणि सगळा जन्म मोटारींच्या कारखान्यात काढला. तोही ज्या गावावर त्याच्या लोकांनी बाँब टाकले त्याच गावात. शेजारच्या बेडवरचे आजोबा अजून त्याच्याकडे पाठ करून झोपतात. डायबेटिसने त्याच्या उजव्या पायाची बोटं काळी पडली होती, पाय गुडघ्याखालून काढायचं ठरलं होतं. मी ड्रेसिंग सोडलं तेव्हा बोटांकडे बघून तो चक्क हसला. म्हणाला, "सिस्टर, या वेळी धुवून निघणार नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. खांद्यात गोळी, अंगात सणकून ताप, आणि जखमींना मागे नेणारी आगगाडी. तिच्यात इंग्रज होते, तसे पकडलेले जर्मनही. जखमींची शुश्रूषा करणारा एक हिंदुस्थानी ऑर्डर्ली त्याच्या पायथ्याशी येऊन बसला, तळव्यांना कसलंसं तूप लावलं आणि एका छोट्या धातूच्या वाटीने घासत राहिला. आईशिवाय कुणी माझ्या पायाला असा हात लावला नव्हता, म्हातारा म्हणाला. त्याचा डोळा लागला. जाग आली तर तळवे काळेकुट्ट. काशाने घासलं की तळवे काळे होतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण त्याला वाटलं पाय सडले. त्याने किंचाळून त्या ऑर्डर्लीच्या छातीत लाथ घातली. डॉक्टर धावत आला, त्यालाही तेच वाटलं. ऑर्डर्लीने ओल्या फडक्याने एक तळवा पुसून आतली गोरी कातडी दाखवली, तरी डॉक्टरने त्याला सगळ्यांदेखत झापलं आणि वाटी काढून घेतली. "तो मान खाली घालून उभा होता. मी सॉरी म्हणालो नाही. आय वॉज जस्ट अ बॉय, सिस्टर."

लढाईबद्दल तुम्ही घरी एकच वाक्य बोलायचात. इटलीत जखमींच्या गाडीवर ऑर्डर्ली होतो, जर्मनही असायचे. पुढे विचारलं की वर्तमानपत्र उघडायचात.

आणि मला आपलं साताऱ्याचं स्वयंपाकघर आठवलं. मी दहा वर्षांची आहे, तापाने फणफणले आहे. आई बाळंतपणाला माहेरी गेली आहे. तुम्ही दवाखान्यातून औषधाची बाटली आणता, तिच्यावर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी स्वतः कापून चिकटवता, पहिला डोस पाजता. तिथे तुमची चूक कधी व्हायची नाही. मी फळीवरून वाटी काढते, भिंतीला टेकून पाय लांब करते आणि म्हणते, बाबा, आई घासते तसं घासा ना. तुम्ही वाटी हातात घेता, क्षणभर बघत राहता, मग फळीवर पालथी ठेवता. "असले लाड नकोत," म्हणता आणि चपला घालून निघून जाता. संध्याकाळी शेजारच्या काकू येऊन पाय घासून देतात. मी भिंतीकडे तोंड करून रडते.

मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला, बाबा. सरळ सांगते. शत्रूच्या पायाशी बसलात आणि पोटच्या पोरीच्या पायाला हात लावला नाहीत. की त्या डॉक्टरने झापलं म्हणूनच वाटी तुम्हाला नकोशी झाली? आणि तो माणूस तुम्हीच कशावरून? तिथे मराठी ऑर्डर्ली काय एकटे तुम्हीच होतात? हेच उलटसुलट करत मी घरभर फिरते आहे.

म्हाताऱ्याने माझा चेहरा वाचला असावा. वडील कुठे होते, काय करायचे, सगळं त्याने काढून घेतलं, आणि मग रोज एकच प्रश्न. तो माणूस तुझे वडील होते का? ऑपरेशनच्या आधी त्याला उत्तर हवं होतं. टेबलावरून परत येईन याची खात्री नाही, म्हणायचा. मुलगी म्हणाली, "आई, जस्ट से येस. आजोबा आर गॉन. हा माणूस अजून आहे ना?"

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी हो म्हणाले. खरं की खोटं, मला माहीत नाही. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "मी घाबरलो होतो," म्हणाला, "ज्याने मला जपलं त्यालाच मी दुखवलं. आय ॲम सॉरी." त्यांना पोचवीन, असं मी त्याला सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. आज तो चहा पाणचट आहे म्हणून कुरकुरत होता.

तर बाबा, ती माफी तुमची होती आणि ती पोचवायलाच मी लिहायला बसले. पण तो ते बोलत होता तेव्हा भिंतीला टेकून पाय लांब केलेली ती दहा वर्षांची मुलगीच ते ऐकत होती, आणि तिला आवाज तुमचा वाटला. ती माफी मी ठेवून घेतली आहे. तुम्हाला पाठवत नाही.