एक्याण्णव फटक्यांचा कबुलीजबाब

चि. फुटपट्टीस,

मामाचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे जास्तच, कारण या खेपेला ते तुला लागतील असं वाटतं. तुझा खोकला गेला का? नसेल तर औषध बदल, डॉक्टर बदलू नकोस. नवा डॉक्टर आधी जुन्या डॉक्टरला नावं ठेवतो आणि मग तेच औषध देतो. (मी दातांचा का होईना, छत्तीस वर्षं डॉक्टर होतो. हेच केलं.) तुझ्या मामीची तब्येत ठणठणीत आहे. माझा डावा गुडघा हवामानाचा अंदाज सांगतो, पण आदल्या दिवसाचा. बाकी आम्ही दोघं मजेत, म्हणजे एकमेकांशी बोलतो आहोत, आणि गेल्या आठवड्यात जे झालं त्या मानाने हे पुष्कळच आहे.

काय झालं ते तुझ्या कानावर अर्धंमुर्धं आलंच असेल. परवा तुझ्या आईचा फोन आला. धाकटी असून ती माझ्याशी नेहमी हेडमास्तरणीसारखी बोलते, पण परवा एवढंच म्हणाली, ‘दादा, या वयात चेंडूला लाथा मारतोस?’ आणि रडायलाच लागली. (आपल्या घराण्यात आजवर कोणी लबाडी केलेली नाही. तेवढी हिंमतच कोणात नव्हती.) तिला मी ‘हो, मारल्या’ म्हणून मोकळा झालो. पण तुला खरं सांगायलाच हवं, कारण हे सगळं तुझ्या मैदानापायी झालं. तेव्हा पत्र खुर्चीत नीट बसून वाच, उभ्या उभ्या नको.

आमच्या क्लबाचं जुनं गोल्फ मैदान नव्याने करण्याचं काम तुला मिळालं, त्या दिवशी तू आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होतास, आठवतं? आमटीचं भांडं बाराव्या होलवर ठेवलं म्हणून मामीला रागावलीही होतीस. हे मैदान व्यावसायिक स्पर्धेसाठी पास झालं की नोकरी सोडायची आणि स्वतःचं ऑफिस थाटायचं, असं तू म्हणालीस. मी मान हलवली. मग तू मैदानाची सगळी कल्पना समजावून सांगितलीस, त्यालाही मी मान हलवली, पण ती कळली म्हणून नाही. इतक्या उत्साहाने बोलणाऱ्या मुलीला मध्येच थांबवणं जिवावर आलं म्हणून.

तर दोन वर्षांनी मैदान तयार झालं, आणि स्पर्धेच्या तीन महिने आधी त्याची तपासणी ठरली. एके सकाळी क्लबाचे सेक्रेटरी आमच्या घरी आले, चहा घेतला, माझ्या कुंड्यांचं कौतुक केलं, आणि मग म्हणाले की तपासणीला नियमाप्रमाणे तीन जण लागतात: एक कसलेला खेळाडू, एक मैदानाची निगा राखणारा आणि एक सर्वसाधारण खेळाडू. तिसऱ्या जागेसाठी कमिटीने एकमताने माझं नाव सुचवलं होतं. (मामीच्या हाती हे पत्र पडलंच तर तिच्यासाठी सांगतो: या खेळात चेंडू अठरा भोकांत एकापाठोपाठ एक घालायचा असतो, वाटेतले बंकर नावाचे वाळूचे खड्डे चुकवत, आणि जितके फटके कमी तितका माणूस मोठा. मोठ्या माणसाला बहात्तरच्या आसपास लागतात. मला एकशे अठरा.) मी विनयाने म्हणालो की क्लबात माझ्याहून चांगले खेळाडू आहेत. सेक्रेटरी म्हणाले, सगळेच आहेत, पण बंकरमधली वाळू, तळ्याचा काठ, कुंपणाजवळची झाडी, हे सगळं जातीने पाहून येणारा माणूस हवा, आणि त्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, ‘हे मात्र अगदी खरं.’

तू माझी भाची आहेस हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कबूल. पण सांगितलं असतं तर त्यांनी मला घेतलं नसतं, आणि मला घेतलं नसतं तर तुझ्या वाळूत मनापासून पडणार कोण? मी मनाशी ठरवलं होतं की तुझ्या एकाही बंकरला वगळायचं नाही. भाचीच्या कामात कसूर नको.

तपासणीच्या दिवशी सकाळी आठला आम्ही चौघं जमलो. स्पर्धेकडून आलेल्या अधिकाऱ्यांना मी मनातल्या मनात फॉर्मवाले म्हणतो, कारण त्यांच्या गळ्यात दोरीने बांधलेली पाटी होती, पाटीला चाप होता आणि चापात एकोणीस पानांचा फॉर्म. ते वाळूत पट्टी खुपसून खोली पाहत, गवताची उंची मोजत, आणि प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावर, एका ॲल्युमिनियमच्या पन्हळीवरून चेंडू सोडून तो किती लांब घरंगळतो ते टेपने मोजत. मैदानाचे माळीबुवा त्यांच्या मागे मागे, बोहल्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या बापासारखे. दुसरा तसाच चेहरा माझा होता. आणि कसलेला खेळाडू म्हणून आमचे चॅम्पियनसाहेब, ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी एक मोठी स्पर्धा जिंकली आणि ती अजून संपवलेली नाही.

पहिल्या होलला मी नेहमीप्रमाणे डावीकडच्या झाडीची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि फटका मारला. चेंडू सरळ गेला. मला वाटलं, होतं असं कधीकधी. दुसऱ्या फटक्यालाही सरळ गेला. दुसऱ्या होलला सरळ, तिसऱ्याला सरळ. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात, मला त्या दिवशी देवाने चष्म्याचं दुकानच काढून दिलं होतं. आणि चॅम्पियनसाहेब? ते तिसऱ्या होलला वाळूत, पाचव्याला वाळूत, आणि सातव्याला तुझ्या तळ्यात. दोन चेंडू बुडाले, तिसरा काठावर अडकला, तो काढायला वाकले आणि बुटांसकट आत गेले. प्रत्येक वेळी फॉर्मवाले पट्टी घेऊन त्यांच्यामागे धावायचे. माझ्याकडे बघायला एकटे माळीबुवा, तेही ग्रीनवर पोचल्यावर.

दहाव्या होलपासून मला भीती वाटायला लागली. नेहमीची नव्हे, ती चेंडू हरवण्याची असते. हे आता बिघडेल, ही. बावीस वर्षं मी हा खेळ खेळतो आहे आणि बावीस वर्षं लोक माझ्यामागे ताटकळत उभे राहून घड्याळं बघतात. त्या दिवशी मी पुढे उभा राहून त्यांची वाट बघत होतो. अठराव्या होलला शेवटचा चेंडू भोकात पडल्याचा तो टप्प असा आवाज आला, मी कार्डावर बेरीज केली, पुन्हा केली, उलटीकडून केली. एक्याण्णव! मी टोपी काढून डोकं पुसल्यासारखं केलं. खरं म्हणजे डोळे पुसत होतो. मुली, तुला खोटं कशाला सांगू, पदवी मिळाली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

आनंद क्लबाच्या खोलीत पोचेपर्यंत टिकला. तिथे फॉर्मवाल्यांनी सोळावं पान उघडलं. सर्वसाधारण खेळाडूचे नेहमीचे फटके, एकशे अठरा. आजचे, एक्याण्णव. फरक, सत्तावीस. मग शेवटच्या पानावरच्या तक्त्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत वाचून दाखवलं: मैदान अतिसौम्य. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला ज्याने अडवलं नाही ते व्यावसायिकांना काय अडवणार! मग शिफारशी: गवताच्या रुंद पट्ट्या दोन्ही बाजूंनी झुडपं लावून निम्म्या कराव्यात, सर्वसाधारण चेंडू पडतो तिथे नवे अकरा बंकर खणावेत, सातव्याचं तळं बुजवून तिथे काटेरी झाडी लावावी, आणि हे सगळं दुसऱ्या रचनाकाराकडून करून घ्यावं, कारण मूळ रचनाकाराची कल्पनाच फसलेली दिसते.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आणि तेव्हा, जेवणाच्या टेबलावर तू काय म्हणाली होतीस ते मला दोन वर्षांनी कळलं. दुबळ्याला वाट द्यायची आणि बळकटाला मोह घालायचा, असं म्हणाली होतीस. तुझे बंकर माझ्या चेंडूला गाठता येणार नाहीत इतके लांब आहेत, अगदी चॅम्पियनसाहेबांचा चेंडू पडतो तिथे. तळंही जो जवळचा रस्ता साधायला जातो त्यालाच गिळतं. मी खेळलो चांगला, पण मला खेळू दिलं तू. हे मी फॉर्मवाल्यांना जमेल तसं समजावलं. ते म्हणाले की मुद्दा चांगला आहे, पण यासाठी रकाना नाही. मी चॅम्पियनसाहेबांकडे पाहिलं. मैदानानेच आपल्याला अडवलं, असं त्यांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर काम झालं असतं. ते मोजे पिळत होते. म्हणाले, ‘माझं आज मनगट दुखत होतं.’

फॉर्मवाल्यांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं. आणखी एक मिनिट, आणि तुझं ऑफिस उघडण्याआधीच बंद झालं असतं. आता, माझ्या खुर्चीत बसून छत्तीस वर्षं लोक माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगत आले की आम्ही दिवसातून दोनदा दात घासतो. खोटं कसं बोलू नये याचं एवढं शिक्षण दुसऱ्या कोणाला मिळालं नसेल. कच्चा माणूस फार तपशील देतो. मी फक्त म्हणालो, ‘साहेब, ते कार्ड धरू नका. मी चेंडू पायाने सरकवत होतो.’

कितीदा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मोजलं नाही. आणि मग जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं: कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. उलट खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एवढा वेळ त्यांना काहीतरी खटकत होतं, त्याचा उलगडा झाला. फॉर्मवाल्यांनी माझ्या कार्डावर लाल फुली मारली, नियमात सोय आहे म्हणून क्लबाच्या वहीतले एकशे अठरा धरले, पुन्हा तक्त्यावरून बोट फिरवलं आणि लिहिलं: मैदान योग्य, रचनेत कोणताही बदल करू नये. सही केली, शिक्काही मारला.

तर तू पास झालीस. मी नापास. स्पर्धा संपेपर्यंत मला मैदानावर खेळायला बंदी आहे, आणि क्लबात गेलो तर लोक नमस्कार करताना माझ्या बुटांकडे बघतात. माळीबुवांना सगळं ठाऊक होतं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘डॉक्टर, मी तर गवत बघत होतो,’ आणि माझी बॅग गाडीपर्यंत स्वतः उचलून आणली. मामीला मी चौथ्या दिवशी खरं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘एक्याण्णव? तुम्ही? त्यापेक्षा लाथांचंच पटतं.’

तुझ्या ऑफिसच्या दारावर पाटी लागेल तेव्हा मला बोलाव. मी कोपऱ्यात उभा राहीन, कोणाशी ओळख करून देऊ नकोस. मात्र मी आलो आहे हे तुला दिसेल असा उभा राहीन. खोकला अंगावर काढू नकोस. आईला सांभाळ.

तुझा,
(क्लबाच्या नोंदीनुसार) लबाड मामा

ता. क. : खरं काम राहूनच गेलं. तू सरळ मुलगी आहेस. हे वाचून झाल्याबरोबर फॉर्मवाल्यांना पत्र लिहायला बसशील. बसू नकोस, मामाची शपथ. सोबत ते लाल फुलीचं कार्ड पाठवतो आहे, सेक्रेटरींच्या टोपलीतून काढून आणलं. ते तुझ्याकडे कुलपात ठेव. माझ्याकडे राहिलं तर मला स्वतःचा भरवसा नाही. स्पर्धेच्या दिवशी गर्दीत कोणी ‘हेच ते लाथवाले’ म्हणालं की मी खिशातून काढून चारचौघांत नाचवीन, आणि तुझं तळं बुजलंच म्हणून समज. मी फोन करून परत मागितलं तरी देऊ नकोस. मागणार आहेच.

ता. क. २ : मामाने आपल्यासाठी खोटं बोलावं याची तुला टोचणी लागेल, म्हणून एक सांगतो. बाराव्या होलला चेंडू एका मुळाशी टेकला होता आणि आसपास कोणी नव्हतं. तिथे पाय लागला. म्हणजे लावला. एकदाच! तेव्हा माझा कबुलीजबाब अगदीच खोटा आहे असं नाही, आणि तिथले चार हे पाच धरायला हवेत. एकूण ब्याण्णव. कार्डावर तेवढी दुरुस्ती तूच कर. मी दोनदा पेन घेऊन बसलो, माझ्याच्याने होत नाही.