पोच आल्याशिवाय

परळ, मंगळवार

प्रिय उत्तम,

डोकं फिरलंय माझं. आधी ऑफिसचं ऐक, कारण तिथे निदान चूक माझी होती. अप्पा ज्या मिलमध्ये माग चालवायचे, तिच्याच जागेवरच्या टॉवरमध्ये मी डेटाबेस सांभाळते. रक्तचाचण्यांचे रिपोर्ट आम्ही दोन सर्व्हरवर ठेवतो, एक इथे, एक महापेला. इथल्या प्रत्येक नोंदीचा लॉग त्याच क्षणी तिकडे जातो. आमचा साहेब रमाकांत म्हणत होता, तिकडे पोचलं का याची वाट बघत बसू नका. हट्ट माझा: दुसऱ्याने लिहून घेतल्याची पोच दिल्याशिवाय पहिल्याने 'झालं' म्हणायचं नाही.

काल महापेची लाइन गेली. इथला सर्व्हर ठणठणीत, पण पोच येईना, म्हणून एकही रिपोर्ट सेव्ह होईना. बरं, एररही नाही. नुसता वाट बघत बसलेला! तासभर सगळ्या लॅब माझ्या नावाने खडे फोडत होत्या. पोच देणाऱ्यांच्या यादीत मी शहाणीने त्या एकाच सर्व्हरचं नाव घातलं होतं. शेवटी ते काढलं, आणि अडकलेली कामं धडाधड सुटली. रमाकांतने चहा पाजला, टोमण्यासकट.

घरी आले तर इथेही तेच. अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी ठरलंय. तुला तीन मेसेज टाकले. वाचलेस, उत्तर नाही. आणि अप्पा संमतीच्या कागदावर सही करत नाहीत. "उत्तमला कळलं का? काय म्हणाला?" एवढंच विचारतात. मिलच्या संपात तुझी शाळा सुटली, त्यावरून तीन वर्षांपूर्वी तू त्यांना बोललास आणि बडोदा गाठलंस. तुझा राग खोटा नव्हता. पण अबोला धरायचा तरी किती रे?

काल वैतागून मी म्हणाले, अप्पा, सोडा त्याचं नाव, मी आहे ना, करा सही. ते म्हणाले, "पाळी सुटली तरी पुढच्या माणसाचा हात मागावर पडेस्तोवर आम्ही माग सोडत नव्हतो, ललिता." ऑफिसातला हट्ट कुठून आला ते तेव्हा कळलं. सर्व्हरच्या यादीतलं नाव मी एका ओळीत काढलं. अप्पांच्या यादीतलं मला काढता येत नाही, आणि खरं सांगू, काढायचंही नाही.

मेसेज तू वाचून सोडून देतोस, म्हणून हे रजिस्टर पत्र, पोचपावती जोडून. पावतीवर सही कर, पण तेवढ्यावर भागवू नकोस. माफी मागू नकोस, येतोही म्हणू नकोस. अप्पांना फोन करून नुसतं 'कळलं' म्हण. पेन त्यांनी उशाशीच ठेवलंय.

तुझीच,
ललिताताई