ओलावा धरून ९६ किलो ८००

१ सप्टेंबर, सकाळी ७.२०
वजन ९८ किलो ४००. बाथरूमचा काटा. काटा बरोबर आहे, मीच तपासलाय. एकोणीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेल्या माणसाला घरचा काटा काय फसवणार?

रोजनिशी सुरू करण्याचं कारण लिहून ठेवतो. आमचा कागदाचा कारखाना. जुन्या कागदाचे गठ्ठे भरून ट्रक येतात, त्यांचं वजन मी करतो. आता नवा काटा बसतोय. त्याची केबिन चार खांबांवर, उंच, आणि वर जायला सरळसोट लोखंडी शिडी. सेफ्टी ऑफिसरने फतवा काढलाय: ९५ किलोच्या वरचा माणूस शिडी चढणार नाही. ३० तारखेला मेडिकल. पास झालो तर मी वर. नापास झालो तर केबिन स्टोअरकीपरला आणि मी ओल्या कागदाच्या शेडमध्ये, गठ्ठे सोडायला. तिथला वास! बुरशी, आंबलेला डिंक, आणि गठ्ठ्यात चिरडलेली पाल. शी!

साडेतीन किलो. तीस दिवस. किरकोळ काम आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कंपनीच्या डॉक्टरला भेटलो. म्हणाला, कोल्ड्रिंक आणि गोड चहाच्या जागी पाणी प्या. जेवणाआधी ग्लासभर प्या, म्हणजे चार घास कमी जातील. दिवसभर थोडं थोडं प्या, एकदम ढोसू नका. रोज चाला. आणखीही बरंच काही बोलत होता. सार एवढंच, की पाणी प्यायचं.

२ सप्टेंबर
नवी बाटली आणली. तीन लिटरची. अंगावर तासातासाच्या रेघा आणि प्रत्येक रेघेपाशी काहीतरी लिहिलेलं. दहाच्या रेघेवर ‘शाब्बास’. बारावर ‘जमतंय की!’ मला बाटलीने शाबासकी द्यावी इतके वाईट दिवस अजून आलेले नाहीत.

पाण्याला प्लास्टिकचा वास. कारखान्यातल्या कूलरचं घेतलं तर त्याच्या नळाला हिरवं शेवाळ. स्टोअरकीपर त्या नळाला थेट तोंड लावतो. मी पाहिलंय.

आणि कारखान्याचा संडास. दिवसातून दोनदा जात होतो, आज नऊ वेळा गेलो. कडी नाही. एका पायाने दार धरायचं आणि दुसऱ्यावर उभं राहायचं. फरशी ओली, कशाने ओली ते विचारू नये.

४ सप्टेंबर
आजचा हिशोब. बाटली अर्धी, दीड लिटर. चहा सहा कप, चहा म्हणजे पाणीच. कोल्ड्रिंक दोन, तेही पाणीच. आइस्क्रीम एक, गोठलेलं पाणी. जेवताना रस्सा. एकूण साडेतीन लिटरच्या वर गेलं. पहिल्याच आठवड्यात टार्गेटच्या पुढे! डॉक्टरला सांगायला हवं, पण तो लगेच वाद घालतो.

बायकोने पाण्यात काकडीच्या चकत्या टाकल्या. म्हणाली, चव येईल. आली. फडकं पिळल्यासारखी.

७ सप्टेंबर
९८ किलो ९००. म्हणजे पाचशे ग्रॅम जास्त.

बायको म्हणाली, पाणी पिताय ते ठीक, पण सोबत बिस्किटाचा पुडा कशाला लागतो? तिला समजावून सांगितलं, रिकाम्या पोटी इतकं पाणी बाधतं. शिवाय पाणी आधी आत शिरतं, चरबीला सुटी करतं, मग दोघं मिळून बाहेर पडतात. सध्या दोघं आत आहेत. ती भांडी घासायला लागली.

९ सप्टेंबर
पाणक्या आला होता. ट्रकवाला आहे, खरं नाव सगळे विसरले, कारण हा येता येता गठ्ठ्यांवर पाइपने पाणी मारतो. कागद पाणी पितो, वजन वाढतं, आणि हा साळसूद चेहऱ्याने काट्यावर चढतो.

मी खाली उतरून गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला. गार, बुळबुळीत. बोटाला कसलासा लगदा लागला, दोनदा साबण लावला तरी वास गेला नाही. ट्रकच्या वजनातून तीनशे किलो ओलावा धरून कापले. पाणक्या गयावया करायला लागला, साहेब, पाणीच आहे ते, दोन तासांत निथळून जाईल, मग पुन्हा वजन करा. मी म्हटलं, स्लिप छापली की विषय संपला. काट्यावर उभा असताना जे अंगात आहे ते हिशोबात धरलं जातं. एकोणीस वर्षांत मला पाणी विकून गेलेला माणूस जन्मला नाही.

पाणक्या म्हणाला, साहेब, एक दिवस तुम्हालाही कळेल. ही धमकी समजावी का?

१२ सप्टेंबर
किळसवाणा प्रकार. कंपनीच्या दवाखान्यात डोकावलो तर स्टोअरकीपर मेडिकलसाठी आगाऊ वजन नोंदवायला काट्यावर उभा, आणि एक हात खिडकीच्या गजावर! गज धरून माणूस चार किलो सहज चोरतो. एकदा उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला, जो आकडा आवडला तो कंपाउंडरला लिहायला लावला.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली. दवाखान्यात स्लिप छापणारा काटा आणायला लावला, खोलीच्या मध्यभागी. आणि नियमाची पाटी स्वतः लिहिली, खाली सही ठोकली: एक माणूस, एक वजन, एक स्लिप. स्लिपनंतर फेरवजन नाही. मॅनेजर म्हणाले, तुमच्यासारखी माणसं हवीत.

१५ सप्टेंबर
९८ किलो ६००. सुधारणा आहे. (परवाच्यापेक्षा.)

स्टोअरकीपर आज जुन्या केबिनमध्ये आला आणि न विचारता माझ्या खुर्चीत बसला. गोल फिरून पाहिलं. म्हणाला, ही खुर्ची वर नेऊ, मला पाठीला बरी पडते. माझी खुर्ची! तिच्या उजव्या हाताला माझ्या कोपराने खड्डा पडलाय. एकोणीस वर्षं चारही काचांमधून रस्ता बघत बसलोय मी. फाटकातून आत येणारा प्रत्येक ड्रायव्हर आधी माझ्याकडे बघतो. शेडमध्ये माझ्याकडे कोण बघणार?

रागाच्या भरात तळलेले बटाटे दोन प्लेट खाल्ले. वर पाणी प्यायलो, त्यामुळे परिणाम नाही.

१८ सप्टेंबर
सगळं माझ्याच मुळावर उठलंय.

एक, स्कूटर बंद पडली. गॅरेजवाला म्हणतो, पार्ट यायला दोन आठवडे. तोवर जाता-येता चाळीस-चाळीस मिनिटं पायपीट. दोन, कारखान्यातल्या कोल्ड्रिंकच्या मशीनमध्ये उंदीर मेला. बाटलीऐवजी शेपूट बाहेर आलं म्हणे. आता त्या मशीनकडे मी फिरकतही नाही. तीन, बायकोने बिस्किटांचा डबा फेकून दिला, मुंग्या झाल्या म्हणून. साखरेलाही झाल्या म्हणे. एवढ्या मुंग्या कुठून आल्या, मला एकही दिसली नाही.

अशा परिस्थितीत माणसाने वजन कमी करायचं तरी कसं? नाइलाजाने नुसतं पाणी पितोय.

२४ सप्टेंबर
९६ किलो ३००!! तीनदा चढून पाहिलं.

पाणी! शेवटी पाण्याने करून दाखवलं. मी म्हणतच होतो. दुपारी डोकं जड व्हायचं ते थांबलंय. गुडघा कुरकुरत नाही. सकाळी पोट साफ, ही गोष्ट रोजनिशीत लिहू नये, पण आनंद झाला. बायको म्हणाली, चालण्याने झालं, आणि तुमचं ते गोड पाणी बंद झालं म्हणून. बिचारीला शास्त्र कळत नाही. स्कूटर असती तर एव्हाना ९४ झालो असतो.

३० सप्टेंबर, सकाळी ६.१०
९४ किलो ७००. ऑफिसच्या कपड्यांत, बूट काढून.

बायकोने दोन्ही हात तोंडावर धरले. मग म्हणाली, आता वजन होईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, सरळ जा आणि उभे राहा. शेडमध्ये जावं लागलं तर मी घरी काय तोंड घेऊन येईन, याची तिला माझ्याइतकीच काळजी.

पण तीनशे ग्रॅमची मोकळीक म्हणजे काहीच नाही. ज्या पाण्याने इथवर आणलं त्याला ऐन वेळी सोडायचं? शेवटचा दणका द्यायला हवा. बाटली भरून घेतली.

सकाळी ८.४०, दवाखान्याबाहेरचा बाक
माझा नंबर चौदावा. दहाची रेघ साडेआठलाच पार केली. ‘शाब्बास.’ लघवी तपासायलाही द्यायची आहे, त्यामुळे कुठे जायचं नाही, धरून ठेवायचं. वजन आधी, तपासणी नंतर. शेजारी बसलेला फिटर सतत नाक ओढतोय. तरी प्रसन्न आहे.

दुपारी १.१५
९६ किलो ८००.

स्लिप छापून बाहेर आली. मी म्हटलं, काटा चुकलाय. कंपाउंडर म्हणाला, तुम्हीच आणवलाय. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, जाऊन येतो, मग पुन्हा घ्या. त्याने भिंतीकडे बोट केलं. माझं अक्षर, माझी सही. स्लिपनंतर फेरवजन नाही. रांगेतला फिटर नाक ओढत पाटी मोठ्याने वाचायला लागला.

डॉक्टरने विचारलं, सकाळपासून किती पाणी प्यायलात? सांगितलं, दोन लिटरच्या वर. त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, सहा महिन्यांनी पुन्हा मेडिकल आहे.

संडासात गेलो. एका पायाने दार धरून उभा राहिलो आणि खोटं कशाला लिहू, रडलो.

३ ऑक्टोबर, शेड
वास कपड्यांत बसतो, केसांत बसतो, डब्यातल्या पोळीलाही येतो. बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते.

दुपारी पाणक्याचा ट्रक आला. गठ्ठ्यांतून धार लागलेली. वरच्या केबिनमधून स्टोअरकीपर उतरलादेखील नाही, आकडा बघून स्लिप देऊन मोकळा. पाणक्या माल उतरवायला शेडमध्ये आला, मला बघून थबकला. कोणीतरी त्याला सगळं सांगितलेलं असावं. हसेल म्हणून मी पाठ फिरवली. हसला नाही. जवळ येऊन अगदी काळजीने विचारलं, साहेब, त्यांनी तुमचा ओलावा कापला नाही?

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, अन्याय झाला.

तो गेल्यावर शेडमधल्या जुन्या काट्यावर उभा राहिलो. ९४ किलो ४००. या काट्याला स्लिप नाही.

एक गोष्ट मात्र आता पुराव्यानिशी सिद्ध झाली आहे, स्लिप माझ्या खिशात आहे: पाण्याने वजन वाढतं. उद्यापासून पाणी बंद. स्कूटरही दुरुस्त होऊन आली आहे.

बाटली पाणक्याला देऊन टाकली. पाण्याचा उपयोग त्याला कळतो.