माझ्या शवपेटीपाशी कोण काय बोलेल

मी, याखिम स्ट्रनाड, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लिपोवा ल्होटा, मोराव्हिया, आधी चेकोस्लोव्हाकियाचा राजदूत व परराष्ट्र उपमंत्री, नंतर प्रागमधल्या एका धुलाईघराचा बॉयलरवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि भरपूर रागात करीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाला जुमानले असते तर बॉयलरपाशी गेलोच नसतो. हात थरथरतो, म्हणून हे टंकलिखित आहे, आणि म्हणूनच कायद्याने साक्षीदार लागतात.

१. घर, आलुबुखाराची बाग आणि तळघरातली घरची दारू मुलगी द्राहोमीरा हिला. तिला डॉक्टर व्हायचे होते. बापाच्या एका उत्तरापायी दार बंद झाले आणि पोरीने जन्मभर बसची तिकिटे विकली. हे घर म्हणजे त्याची भरपाई नव्हे.

२. समारंभाचा काळा कोट गावच्या हौशी नाटकमंडळींना. लुच्च्या वकिलाचे काम असेल तरच वापरावा.

३. बॉयलरचे फावडे गावच्या शाळेला, बर्फ उपसायला. आता कम्युनिस्ट राजवट गेली, तर मंत्रालयाला ते प्रदर्शनात मांडायचे आहे म्हणे. मुळीच देऊ नये! ते माझ्या हाती दिले तेव्हा फोटो काढायला कोणी आले नव्हते.

४. लुबोश व्हीझेक याला काहीही नाही. आम्ही एका बाकावर शिकलो, मंत्रालयात एकत्रच लागलो. अडुसष्टला रशियन रणगाडे दारात येऊन उभे राहिले. दोन वर्षांनी पक्षाच्या समितीने एकेकाला आत बोलावून विचारले, "मित्रराष्ट्रांच्या सैन्याचे येणे मान्य आहे ना?" दोघांनीही 'नाही' म्हणायचे ठरले होते. मी म्हणालो. हा माझ्यामागून आत गेला आणि 'हो' म्हणून आला.

"अरे, मला पोरंबाळं आहेत," म्हणाला.

"आणि मला काय मांजरं आहेत?"

महिन्याभरात माझी खुर्ची त्याला मिळाली.

५. मला ल्होट्यातच, बायको लिबुशेशेजारी पुरावे. मंत्रालयातल्या कुणा साहेबाने मी जिवंत असतानाच द्राहोमीराला फोन केला: सरकारी इतमाम देऊ, भाषण 'जुने स्नेही' लुबोश करतील. ती म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा, तुम्हाला थोडंच ऐकू येणार आहे?" मला नाही येणार, पण जे ऐकतील ते खरे मानतील. आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून लढलो, असे सांगायलाही तो कमी करणार नाही. सबब, लुबोशने माझ्या शवपेटीपाशी चकार शब्द काढू नये.

६. साक्षीदार म्हणून मुद्दाम त्यालाच बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदा आहे. या बाबतीत त्याच्याइतका लायक माणूस नाही. त्याने उभ्यानेच वाचले.

"कर सही. तुला सवय आहे."

त्याने पेन खाली ठेवले. "नाही. मला बोलायचंय तिथं."

"काय बोलणार? थोर मित्र गेला?"

"द्राहोमीराचं बोलायचंय." ती कॉफी ओतत होती. तिच्याकडे न बघता म्हणाला, "कॉलेजनं मंत्रालयाकडं अभिप्राय मागवला होता, पोरी. 'प्रवेश देऊ नये' असं मीच लिहिलं. मला लिहायला कोणी सांगितलंही नव्हतं. तुला घेतलं, तर तुझ्या बापालाही माफी मिळेल आणि तो परत येऊन खुर्ची मागेल, अशी भीती वाटली मला."

मी काठी उगारली. हरामखोर! माझ्या उत्तराने पोरीचे वाटोळे झाले, असे लिबुशे मरेपर्यंत मला ऐकवत होती, आणि मीही तेच मानत आलो होतो. द्राहोमीराने माझा हात धरला.

"मारू नका बाबा. बोलू दे त्यांना. हेच बोलू दे, सगळ्या गावासमोर."

७. सबब कलम पाचमधली बंदी रद्द. लुबोशने माझ्या शवपेटीपाशी बोलावे. वरचे तेवढेच बोलावे, आणि द्राहोमीराच्या डोळ्यांत बघून बोलावे. तोवर पेटी खाली उतरवू नये.

हे सर्व वाचून, समजून, माझ्यासमोर सह्या झाल्या.

याखिम स्ट्रनाड
साक्षीदार: एमिलिए वात्सुल्कोवा, पोस्टमनबाई
साक्षीदार: लुबोश व्हीझेक
लिपोवा ल्होटा, २३ नोव्हेंबर १९९१