कुंडीतला फेस

१४ तारीख, रविवार, दुपार

ताईडे,

नमस्कार, तू बरी आहेस ना वगैरे सगळं लिहिलंय असं समज. आधी कबूल करून टाकतो: मी आईच्या हाडांच्या गोळीत गडबड केली. ओरडू नकोस, पुढे वाच.

ती दर रविवारची गोळी तुला माहितीय. उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, मग अर्धा तास ताठ बसायचं. आई बाल्कनीत पुतळा होऊन बसते. मागे एका रविवारी म्हटलं, पुतळ्याच्या तोंडाला जरा फेस आणू! पाण्यात फसफसते ना, ती पांढरी व्हिटॅमिनची गोळी घासून घासून तेवढीच केली, पाकिटात घातली, मागून डिंक लावला. दाराआड उभा राहिलो.

आईने मूठ तोंडाला लावली, पाणी प्यायली, "झालं बाई" म्हणाली. फेस नाहीच! मग उरलेलं पाणी तिने कुंडीत ओतलं, आणि कुंडी फसफसायला लागली.

आईने कुंडीकडे असं पाहिलं, जणू तिने चुगलीच केली. पटकन बोटाने माती सारली.

आधी मला औषधवाल्याचा संशय आला. भेसळ करत असेल, म्हणून टाकते. मग बाबांचा. ते नेमके तेव्हाच दूध आणायला का जातात? म्हणून पुढच्या रविवारी काहीच न करता नुसता बघत बसलो. खरी गोळीही कुंडीत. आणि लगेच तुला फोन: "गोळी नेमाने घेते गं, पण गुणच नाही. हाडं ठिसूळ ती ठिसूळच. तू जा खुशाल परदेशात, माझं काय!" तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बघू. फोन ठेवून आई गाणं गुणगुणत भांडी घासायला गेली.

तेव्हाच का नाही सांगितलं? विसरलो. म्हणजे, विसरलो नाही. तू गेल्यावर मी छळू कुणाला?

काल तुला ती म्हणाली ना, मनगट मुरगळलं? खोटं. नुसती ओट्याला टेकून उठली, आणि कट्‌ आवाज मी ऐकला. प्लास्टर घातलंय. बाबांना तिने सांगितलं, ओल्या फरशीवरून घसरले. फरशी कोरडी होती, ताई. प्लास्टरवर मिशा काढायला पेन घेऊन गेलो, पण हातच चालेना.

आणि आज तिने डाव्या हाताने गोळी कुंडीत टाकली.

तू जायचं पक्कं कर आणि तिला तसं सांगून टाक. तू थांबशील असं तिला वाटतंय तोवर ती गिळायची नाही. जायच्या आधी एकदा ये, समोर बसून गोळी दे, आ करायला लावून बघ. नंतरचे रविवार मी बघतो. खोड्या न करता. आईशप्पथ.

पण हे मी लिहिलं, हे कुणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच. बाबांना नाही. फेसाचंही नाही. पाया पडतो, खरंच पडतो. आणि तू जावंस असं मीच म्हणालो होतो, हे मलासुद्धा कधी सांगू नकोस.

तुझाच,
उंदीर