चॅनल नऊवरचा आज्ञाधारक माणूस

३ मार्च, सकाळी
अखेर वॉकीटॉकी मिळाला. प्रदर्शन-केंद्राच्या पार्किंगमध्ये सोळा वर्षं तिकीट-खिडकीत काढली. आजपासून मी सुपरवायझर. नारिंगी जॅकेटसुद्धा.
चार सेट आलेत. एक माझा, एक गेटवरच्या जाड्याचा, एक रॅम्पवरच्या मामांचा, एक मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. सोबत माहितीपत्रक. बटण दाबा, बोला, सोडा, ऐका. एवढ्यासाठी आठ पानं! वाचलं नाही. काही गोष्टी माणसात उपजत असतात.
संकल्प: थोडक्यात बोलणे. सेट घरी न नेणे.

३ मार्च, संध्याकाळी
सेट घरी आणला. सराव हवाच. जाड्याचाही आणला आणि स्वयंपाकघरात हिच्या हातात दिला. ही म्हणाली, मध्ये नुसता पडदा आहे, तसंही ऐकू येतं. मी म्हटलं, वाक्य संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. ही म्हणाली, दूध संपलंय ओव्हर, पिशवी दाराला आहे ओव्हर.
शिकेल हळूहळू.

५ मार्च
सकाळी सेटवरून भाषण केलं. शिस्त, वक्तशीरपणा, सेट हातात धरण्याची पद्धत. सगळं एका दमात, अकरा मिनिटं. मध्ये कोणी चकार शब्द काढला नाही.
नंतर मामा धापा टाकत आले. म्हणाले, तुम्ही बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांची तोंडं बंद. रॅम्पवर दोन गाड्या समोरासमोर अडकल्यात, अकरा मिनिटं बोंबलतोय. मी म्हटलं, भाषण संपेपर्यंत थांबलात हे उत्तम केलंत.

७ मार्च
जाड्या सेटवर माझी नक्कल करतो, मामा हसतात. वरिष्ठांचं बोलणं असं चव्हाट्यावर नको. चार नंबरच्या चॅनलवरून नऊवर गेलो. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गुप्तता कसली?
दिवसभरात एकही तक्रार आली नाही.

८ मार्च, दुपारी
नऊवर माणूस भेटला! मी सहज 'डावीकडे घे' म्हटलं, तर उत्तर आलं, ऐकतोय साहेब, किती डावीकडे?
साहेब! आजवर लोकांची मजल 'ओ खिडकीवाले'च्या पुढे गेली नव्हती. मॅनेजरसाहेबांनी गुपचूप चांगला माणूस नेमलेला दिसतो. कुठे उभा आहेस विचारलं. म्हणाला, वर. म्हणजे वरच्या मजल्यावर. त्याचं नाव 'वरचा' ठेवलं.

१० मार्च
आज वरच्याकडून सहा गाड्या लावून घेतल्या. मला त्या दिसत नव्हत्या, पण सुपरवायझरने दिसेल तेवढ्यावरच विसंबू नये. मी म्हणतो, थोडं उजवीकडे, बस्स. तो विचारतो, सोडू खाली? मी म्हणतो, सोड. तो म्हणतो, बसलं साहेब.
भाषा जरा अडाणी, पण काम चोख.

११ मार्च
बढतीचा अर्ज दिला. हिचा भाऊ जेवायला आला होता. म्हणाला, भावोजी, काल तुमच्या पार्किंगमध्ये अर्धा तास अडकलो होतो, कोणी कुत्रं विचारत नव्हतं. जळतो.

१२ मार्च
जाड्या धावत आला. म्हणाला, पाच दिवस हाका मारतोय, सेटवर का येत नाही? मी म्हटलं, योग्य चॅनलवरून बोल. कोणता, म्हणाला. ते गुप्त आहे, म्हटलं. कपाळाला हात लावून गेला.
दुपारी वरच्याशी चार शब्द बोललो. त्याला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली आहे. या महिन्यात चूक झाली नाही तर नोकरी कायम होईल म्हणाला. मी म्हटलं, माझ्या हाताखाली आहेस, निर्धास्त राहा.

१५ मार्च, सकाळी
आज मोठं प्रदर्शन. खुद्द चेअरमनसाहेब येणार. जागा नंबर एक राखीव, दोन्ही बाजूंना कुंड्या. योजना अशी: मी जागेसमोर उभा राहून हुकूम द्यायचे, वरच्याने वरून ड्रायव्हरला खुणा करायच्या.

१५ मार्च, दुपारी
गाडी गेटपाशी आली. मी गेटकडे तोंड करून एक हात उंच केला आणि सेटवर म्हटलं, माझ्या अगदी मागे आण. हळू. अजून हळू. सोड. वरचा म्हणाला, साहेब, नक्की ना? तिथे कुंड्या आहेत. मी म्हटलं, शंका नको.
मागे धप्प झालं. वळून पाहिलं.
जागा नंबर एकवर एक निळा संडास उभा होता. बांधकामावर असतो तसला, पत्र्याचा. आतून कडी. थोड्या वेळाने कडी निघाली आणि हातात पेपर धरलेले एक गृहस्थ बाहेर आले. कुणाला खरचटलंही नाही. दोन कुंड्या गेल्या. गृहस्थांनी मला विचारलं, हे कुठे आलो? मी म्हटलं, पार्किंग, पण ही जागा राखीव आहे.
चेअरमनसाहेबांनी गाडीची काच खाली केली. मग वर केली.

१६ मार्च
चौकशी. मागच्या भिंतीपलीकडे इमारतीचं काम चालू आहे म्हणे. वरचा तिथल्या क्रेनचा ऑपरेटर. खालून सूचना देणारा त्यांचा माणूस रजेवर गेला, बदली माणूस आलाच नाही, आणि त्यांच्या चॅनलवर मी आलो. माझ्या सहा गाड्या म्हणजे विटांच्या सहा थप्प्या निघाल्या. ते लोक अजून दोन शोधतायत. काल वरच्याला तो संडास दुसऱ्या जागी हलवायचा होता; आत कोणी आहे हे वरून कसं दिसणार?
संडासातले गृहस्थ तिथले इंजिनिअर. ते म्हणाले, ऑपरेटर खोटं बोलतोय, सूचना देणारं कोणी नव्हतंच, याला आजच घरी बसवा. वरचा बाहेर बाकावर बसला होता म्हणे.
मला हसूच आलं. कोणी नव्हतं? संडास जागेच्या पांढऱ्या रेषांच्या बरोब्बर आत बसला होता, मी टेप लावून दाखवलं. एवढं अचूक काम आणि श्रेय कोणालाच नाही? लेखी दिलं: ८ मार्चपासूनचा प्रत्येक हुकूम माझा, एकट्याचा, ऑपरेटरने फक्त तो पाळला. खाली ठळक सही.
मॅनेजरसाहेबांनी दोनदा विचारलं, हा कागद नक्की द्यायचाय? म्हटलं, झेरॉक्सही काढा.

१८ मार्च
सेट घेतला. जॅकेट घेतलं. पुन्हा खिडकी. बढतीच्या अर्जाचं अजून काही कळवलेलं नाही. विचार चालू असावा.

२० मार्च
वरचा खिडकीशी आला. आवाजावरून ओळखलं; उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढाच. म्हणाला, तुमच्या कागदामुळे नोकरी राहिली साहेब, दुसऱ्यासाठी एवढं स्वतःवर कोण घेतं? त्याचे डोळे भरून आले होते. मला नीटसं कळलं नाही, पण मान डोलावली.
विचारलं, ओळखदेख नसताना माझा शब्द मानलास कसा? म्हणाला, वरून दिसायचात ना, जॅकेट घालून, सेट घेऊन, हात हलवत. आणि कायम आमच्याकडे पाठ. मला वाटलं, या माणसाचा अनुभव एवढा दांडगा की बघायचीही गरज पडत नाही.
माणसांची पारख आहे त्याला.
तो गेल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं. पिवळी क्रेन, चौदा मजल्यांएवढी उंच. घरी येऊन हिला विचारलं, तिथे क्रेन कधी आली?
ही म्हणाली, वर्ष झालं. रोज गॅलरीत तिच्याकडेच तोंड करून कपडे वाळत घालता.